रील आली म्हणून शेअर वर जातो, की शेअर वर गेला म्हणून रील येते?

मेघना_निफाड विचारते:

नमस्कार मंडळी. आमच्या घरात शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचा हिशोब मी बघते. यंदा द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून वेळेत आले आणि त्यातले तीन लाख कुठे गुंतवायचे यावर घरात बोलणे चालू आहे.

माझा धाकटा दीर टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये आहे. तिथे मध्यंतरी एका छोट्या कापड कंपनीचे नाव आले. मग त्याच कंपनीच्या रील्स इन्स्टाग्रामवर दिसू लागल्या, यूट्यूबवर ‘पुढचा मल्टिबॅगर’ (कित्येक पट वाढणारा शेअर) असे लिहिलेले व्हिडिओ आले, एक्सवर तेच नाव फिरायला लागले. शेअर रोज ५ टक्क्यांच्या अप्पर सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव वाढण्याच्या कमाल मर्यादेला, जाऊन बसतो. दिराने थोडे शेअर्स घेतलेत. तो म्हणतो, “वहिनी, भाव ताळेबंदावर चालत नाही, लोकांच्या मूडवर चालतो, आणि मूड मोबाईलवर दिसतो. मग तोच वाचायचा.” सासऱ्यांनाही आता ते पटायला लागले आहे, कारण डोळ्यांसमोर भाव वाढतोय.

मी एवढेच केले, की चार्ट उघडून जुन्या तारखा बघितल्या. ज्या दिवशी पहिली रील आली, त्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधीपासून भाव चढत होता आणि व्हॉल्यूमही (रोज खरेदी-विक्री होणाऱ्या शेअर्सची संख्या) वाढला होता. कंपनीचा तिमाही नफा मात्र जिथल्या तिथे आहे.

म्हणून विचारते. सोशल मीडियावरच्या चर्चेने भाव खरंच हलतो का? हलत असेल तर तो मूड वाचून साध्या माणसाला फायदा करून घेता येतो का? आणि रीलच्या आधीच भाव वाढला असेल, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

---

कोथरूड_डेटा:

मेघनाताई, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर थोडे सांगतो. मजकुरातून लोकांचा कल मोजणारी मॉडेल्स बनवणे हेच माझे काम आहे (शेअर्ससाठी नाही, ग्राहकांच्या तक्रारींसाठी. पण यंत्र तेच).

हलतो का? हो. सगळ्यात स्वच्छ उदाहरण २३ एप्रिल २०१३ चे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे ट्विटर खाते हॅक झाले आणि ‘व्हाइट हाउसमध्ये दोन स्फोट, ओबामा जखमी’ असे खोटे ट्विट पडले. काही मिनिटांत डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअर निर्देशांक १४० हून जास्त अंकांनी खाली आला आणि खुलासा होताच तेवढ्याच वेगाने परत वर गेला. कंपन्यांचे नफे त्या मिनिटांत तसूभरही बदलले नव्हते. विकणाऱ्यांत मोठा वाटा माणसांचा नव्हता, बातम्या वाचून आपोआप सौदे करणाऱ्या संगणकांचा होता.

मूड वाचून कमावता येते का, यावर सगळ्यात गाजलेला अभ्यास योहान बोलेन आणि सहकाऱ्यांचा. २००८ सालची जवळपास एक कोटी ट्विट्स घेऊन त्यांनी दाखवले, की लोकांच्या ‘शांतपणा’चा निर्देशांक डाऊ जोन्सच्या दोन-चार दिवस आधी चालतो आणि दिशा ८७ टक्क्यांच्या आसपास बरोबर सांगतो. जगभर मथळे झाले. पण ती अचूकता तपासली होती डिसेंबर २००८ मधल्या अवघ्या तीनेक आठवड्यांवर. एवढ्याशा नमुन्यावर काहीही सिद्ध होत नाही. लंडनमध्ये त्याच कल्पनेवर एक फंडही निघाला, तो टिकला नाही.

आज मोठे फंड हा डेटा विकत घेतात आणि त्यातला जो काही फायदा असतो तो काही सेकंदांत, फार तर काही तासांत उचलून मोकळे होतात. आपण संध्याकाळी जेवताना ट्रेंड बघतो तोवर तो भावात मुरलेला असतो. शिवाय आपल्याकडची भाषा. “वा, काय रिझल्ट लावलाय कंपनीने!” हे कौतुक आहे की टोमणा, हे यंत्राला अजूनही धड कळत नाही. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजीची सरमिसळ, आणि एकच मजकूर चिकटवणारी शेकडो बनावट खाती.

हे सगळे मोठ्या कंपन्यांबद्दल. छोट्या कापड कंपनीचे गणित वेगळे असते, त्यावर सुमनकाकूंनी लिहावे अशी विनंती.

---

सुमनकाकू_सांगली:

मेघना, तू तारखा पडताळून बघितल्यास हे फार चांगले केलेस. तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्या जिवाचा आहे. सांगलीत विश्रामबागला सब-ब्रोकरच्या ऑफिसात मी बॅक ऑफिस सांभाळले. कागदी सर्टिफिकेटे आणि ट्रान्सफर डीडवरच्या सह्या जुळवण्यापासून डीमॅटपर्यंत. शाळामास्तर, साखर कारखान्यातले कामगार, पेन्शनर हे आमचे ग्राहक. टिप ही तेव्हाही होती. चहाच्या टपरीवर मिळायची, नंतर एसएमएसने यायची, मग व्हॉट्सॲपवर. आता एका टिपेला एका वेळी लाख-दोन लाख माणसे मिळतात, आणि २०२० च्या मार्चनंतर देशातली डीमॅट खाती ४ कोटींवरून चारच वर्षांत १५ कोटींच्या पुढे गेलीत. म्हणजे टिप ऐकणारा माणूस खात्यासकट तयार बसलेला आहे.

तुझा दीर म्हणतो ते खोटे नाही. मूडने भाव हलतो. पण किती हलतो हे मूडवर ठरत नाही, बाजारात विकायला किती माल आहे यावर ठरते. आमच्या इथे हळदीच्या सौद्यात बघ. आवक भरपूर असेल तर एखादा व्यापारी कितीही जोरात बोलला तरी दर फारसा हलत नाही. आवक दहा पोत्यांची असेल आणि दोघे हट्टाला पेटले, तर दर कुठच्या कुठे जातो. हळद तीच असते.

आता आकड्यांत मांडते. समज, एका छोट्या कंपनीचे एकूण १ कोटी शेअर्स आहेत. ७० लाख प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडे. उरलेल्या ३० लाखांतले २२ लाख प्रवर्तकांच्या जवळच्या पाच-सात खात्यांत, वेगवेगळ्या नावांनी. म्हणजे खरोखर हातोहात फिरणारे शेअर्स फक्त ८ लाख. रील बघितली २ लाख लोकांनी. त्यातल्या शंभरातल्या दोघांनी जरी प्रत्येकी १०० शेअर्स घ्यायचे म्हटले, तरी मागणी झाली ४ लाखांची. फिरत्या मालाच्या निम्मी! भाव सर्किटला जाणार नाही तर काय होईल? तीच रील, तेवढ्याच लोकांनी एचडीएफसी बँकेबद्दल बघितली आणि तेवढेच शेअर्स घेतले, तर भावाला कळणारही नाही. तिथे रोज कोटीच्या घरात शेअर्सची उलाढाल होते.

म्हणून सोशल मीडियाचा ‘मूड’ नेहमी अशाच बारक्या शेअर्सवर जमवला जातो. हा मूड आपोआप जमत नाही, जमवला जातो, हे नीट लक्षात घे.

साधना ब्रॉडकास्टचे प्रकरण मुद्दाम सांगते, कारण सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, त्यातला एकेक दुवा कागदावर मांडला आहे. २०२२ च्या जुलैमध्ये ‘द ॲडव्हायझर’ आणि ‘मनीवाइज’ या यूट्यूब चॅनेलांवर या कंपनीचे व्हिडिओ आले. दावे काय होते बघ: अदानी समूह कंपनी विकत घेणार, कंपनी टीव्हीवरून सिनेमा निर्मितीकडे वळणार, एका मोठ्या अमेरिकी कंपनीने चार भक्तिपर चित्रपटांसाठी ११०० कोटींचा करार केला. सगळे खोटे. हे व्हिडिओ लोकांपुढे सहज आले नाहीत, पैसे भरून जाहिरातींमधून ते लोकांपर्यंत नेले गेले. आणि व्हिडिओ येण्याच्या आधी, एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत, आपापसातल्या खात्यांत सौदे करून भाव आणि व्हॉल्यूम चढवलेला होता.

तुझ्या कापड कंपनीत रीलच्या आधी भाव तीन आठवडे का चढत होता, याचे एक उत्तर हे असू शकते. तीच गोष्ट आहे असे मी म्हणत नाही, कारण मला ती कंपनी माहीत नाही. पण क्रम ओळखीचा आहे. आधी माल गोळा करायचा, मग चार्ट सुंदर करायचा, मग रील. रीलमध्ये तोच सुंदर चार्ट दाखवतात ना!

मग व्हिडिओ बघून लोक आले. साधनाच्या छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ झाली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. ५० हजारांहून जास्त घरे. त्यांना शेअर्स मिळाले याचा अर्थ कोणीतरी विकले. विकणाऱ्यांत प्रवर्तकांपैकी काही आणि कंपनीशी जोडलेली मंडळी होती. सेबीने २ मार्च २०२३ ला अंतरिम आदेश काढला आणि मे २०२५ च्या अंतिम आदेशात ५९ जणांवर बंदी घालून सुमारे ५८ कोटी रुपये व्याजासह परत करायला सांगितले. कारवाई झाली, पण व्हिडिओ आल्यापासून अंतिम आदेशापर्यंत जवळजवळ तीन वर्षे गेली. तोवर त्या ५० हजारांतल्या माणसाच्या हातात काय होते?

आता सर्किटबद्दल, कारण सगळे फसणे तिथेच होते. रोज ५ टक्के अप्पर सर्किट म्हणजे १०० रुपयांचा शेअर दहा दिवसांत १६३ होतो. सासरे ते बघून खूश आहेत. पण अप्पर सर्किटला विकणारा कोणी नसतो, नुसती खरेदीदारांची रांग असते. म्हणजे वर जाताना बहुतेकांना माल मिळतच नाही. मिळायला लागतो तो नेमका वरच्या भावात, व्हॉल्यूम एकदम मोठा झाला की. तो दिवस कागदावर सगळ्यात जोमदार दिसतो. आणि उलटे फिरले की लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडण्याची मर्यादा. तेव्हा खरेदीदारच नसतो. ऑर्डर टाकून ठेवायची, दुपारी साडेतीनला ती रद्द झालेली बघायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायची. १६३ वरून रोज ५ टक्के उतरत दहाव्या दिवशी तो ९८ च्या खाली येतो आणि मधल्या सगळ्या दिवसांत तू विकायला तयार असूनही विकू शकत नाहीस. आमच्या ऑफिसात सकाळी सव्वानऊच्या आधी येऊन बसणारे लोक मी बघितलेत, आपली ऑर्डर रांगेत पहिली लागावी म्हणून. एका निवृत्त शिक्षकांनी मुलीच्या लग्नाची रक्कम अशा शेअरमध्ये घातली होती. त्यांना टिप कोणी दिली, कंपनी कुठली, ते इथे लिहीत नाही. पण रोज दुपारी ते विचारायचे, “आज गेले का हो?” आणि मला नाही म्हणावे लागायचे. त्यांच्यासाठी मी हे इतके लांबलचक लिहिते आहे.

ज्या शेअर्समध्ये फ्युचर्स-ऑप्शन्स (पुढच्या तारखेचे सौदे) आहेत त्यांना असे ठरावीक सर्किट नसते. तिथे पडझड एका दिवसात उरकते. २८ सप्टेंबर २०१८ ला इन्फिबीम ॲव्हेन्यूज एकाच दिवसात सुमारे ७० टक्के कोसळला. कारण काय, तर कंपनीने उपकंपनीला बिनव्याजी कर्ज दिल्याबद्दलची एका ब्रोकरेजची जुनी टिपणी व्हॉट्सॲपवर फिरली. कंपनीच्या कारभाराबद्दलचे प्रश्न खरे होते की नाही हा वेगळा विषय. पण ती टिपणी आधीही होती. पडझड झाली ती सगळ्यांनी एकाच दुपारी ती वाचल्यामुळे.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. छोट्या शेअरमध्ये भाव खोटा वाटला तरी त्याच्याविरुद्ध पैज लावायची सोय आपल्याकडे जवळजवळ नाही. आधी विकून नंतर घ्यायचे, तर ते फक्त दिवसाच्या आत, आणि ट्रेड-टू-ट्रेड गटात (जिथे त्याच दिवशी उलटा सौदा करता येत नाही) गेलेल्या शेअरला तेही नाही. म्हणजे ज्याला शंका आहे तो गप्प बसतो आणि भावात फक्त उत्साही माणसांचे मत उमटते. सोशल मीडियावरही तसेच. शंका विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकतात. दिराला विचार, त्यांच्या ग्रुपमध्ये सभासदांना लिहिता येते का, की फक्त ॲडमिन लिहितो?

---

एडिसनकर:

सुमनकाकूंच्या शेवटच्या मुद्द्याची दुसरी बाजू सांगतो. मी न्यू जर्सीत राहतो, २०२१ च्या जानेवारीत आमच्या ऑफिसात गेमस्टॉप या व्हिडिओ गेमची दुकाने चालवणाऱ्या कंपनीशिवाय दुसरा विषय नव्हता. तिथे उलटे झाले होते. विरुद्ध पैज लावायची सोय होती आणि ती इतकी वापरली गेली, की भाव पडेल, मग स्वस्तात घेऊन परत करू, या हिशोबाने फिरत्या शेअर्सपेक्षा जास्त शेअर्स उसने घेऊन विकलेले होते. रेडिटवरच्या वॉलस्ट्रीटबेट्स या गटाने ते हेरले. डिसेंबरअखेर १९ डॉलरच्या आसपास असलेला शेअर २७ जानेवारीला ३४७ वर बंद झाला, २८ ला तर दिवसभरात ४८३ पर्यंत गेला. त्याच दिवशी रॉबिनहूडसारख्या ब्रोकर्सनी खरेदीचे बटण बंद केले, कारण सौद्यांचा हिशोब पुरा करून देणाऱ्या क्लिअरिंग संस्थेने प्रचंड अनामत मागितली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भाव ४० च्या घरात आला होता.

सगळे म्हणत होते, की उसने विकणारे अडकले आणि त्यांना परत घ्यावे लागले म्हणून भाव चढला. अमेरिकी नियामकाने, एसईसीने, ऑक्टोबर २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटले, की अडकलेल्यांची खरेदी होती, पण एकूण खरेदीत तिचा वाटा लहान होता. भाव कित्येक आठवडे टिकला तो सामान्य लोकांच्या उत्साही खरेदीमुळे. म्हणजे मेघनाताईंच्या दिराचे म्हणणे तिथे शब्दशः खरे ठरले.

पण २०२४ चा मे महिना मला जास्त शिकवून गेला. त्या आंदोलनाचा चेहरा असलेला कीथ गिल तीन वर्षे गप्प होता. त्याने एक्सवर फक्त एक चित्र टाकले, खुर्चीत पुढे सरकून बसलेला माणूस. एक शब्दही नाही. दुसऱ्या दिवशी शेअर ७४ टक्के वर. त्यानंतर काय झाले? गेमस्टॉप कंपनीने स्वतःच साडेचार कोटी नवे शेअर्स बाजारात विकून ९३ कोटी डॉलर उभे केले, आणि जूनमध्ये पुन्हा साडेसात कोटी शेअर्स विकून २०० कोटींहून जास्त. सगळे कायदेशीर, सगळे जाहीर. लोकांच्या उत्साहाचे पैसे कंपनीच्या तिजोरीत गेले. कंपनीचा त्यात फायदाच झाला, पण त्या आठवड्यात ज्याने वरच्या भावात घेतले त्याला विकणारा कोण होता, ते बघा.

---

गौरव_छ_संभाजीनगर:

काकू, तुमचा आदर ठेवून थोडा विरोध. तुम्ही सगळ्या सोशल मीडियाला एका मापाने मोजताय. मी वाळूजला नोकरी करतो, कॉमर्सचा विद्यार्थी नाही. वार्षिक अहवाल कसा वाचायचा, रोखप्रवाह म्हणजे काय, प्रवर्तकांनी शेअर्स गहाण ठेवलेत का हे कुठे बघायचे, हे सगळे मी यूट्यूबवर आणि एक्सवरच्या लोकांकडून फुकट शिकलो. माझ्या गावात हे सांगणारा एकही माणूस नव्हता. काही लहान कंपन्यांबद्दल तिथे जी चर्चा होते ती ब्रोकरेजच्या रिपोर्टपेक्षा खोल असते, कारण लिहिणारा त्याच धंद्यातला असतो. मागे एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीबद्दल लोक लिहीत होते, की तिसरी पाळी सुरू झाली आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीतले आम्हाला ते डोळ्यांनी दिसत होते. तिमाही निकालात ते नंतर आले. हा पण सोशल मीडियाचाच मूड, आणि तो खरा होता.

---

सुमनकाकू_सांगली:

गौरव, तुझे पूर्ण मान्य. तू सांगतोस ती माहिती आहे, आणि माहिती मागाहून ताळेबंदात सापडते. तिसरी पाळी सुरू झाली की वीजबिल वाढते, पगार वाढतात, विक्री वाढते, कुठेतरी ते दिसतेच. आणि ज्याने लिहिले त्याला प्रश्न विचारता येतात. माझा राग त्या मजकुरावर आहे ज्यात फक्त भाव आणि तारीख असते, ‘इतक्या दिवसांत इतके टार्गेट’. त्यात पडताळायला काही नसते.

सेबीनेही जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात तशीच रेघ ओढली आहे. शिकवायचे असेल तर शिकवा, पण उदाहरणात किमान तीन महिने जुना भाव वापरा. आजचा भाव दाखवून शिकवत असाल, तर ते शिकवणे नव्हे, ती टिप आहे. मला हा नियम फार आवडला, कारण सामान्य माणसालाही तो लगेच तपासता येतो. मेघना, दिराच्या ग्रुपवर आजचे भाव असतात का?

---

मेघना_निफाड:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी दिराला शेजारी बसवून हे सगळे वाचले. त्याच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितो, आणि भाव आजचेच असतात. तो थोडा चिडला, पण उठून गेला नाही.

त्याचे दोन प्रश्न आहेत, त्याच्याच शब्दांत लिहिते. एक, “कंपनीने अफवा नाकारलेली नाही, म्हणजे काहीतरी खरे असेल ना?” तिथे असे फिरतेय, की एक मोठा ब्रँड या कंपनीत हिस्सा घेणार आहे. दुसरा, “माल कोण विकतोय हे घरबसल्या कसे कळणार? ते काय मोठ्या लोकांनाच कळते.”

---

सुमनकाकू_सांगली:

दिराला सांग, दोन्ही प्रश्न चांगले आहेत. आधी दुसरा घेते.

बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाक आणि शेअरहोल्डिंग पॅटर्न उघड. दर तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत तो द्यावा लागतो. त्यात प्रवर्तकांचा हिस्सा असतो, एक टक्क्याहून जास्त शेअर्स असलेल्यांची नावे असतात, आणि छोट्या भागधारकांची संख्या असते. शेवटची चार पत्रके शेजारी शेजारी ठेव. प्रवर्तकांचा किंवा त्या नाव असलेल्या खात्यांचा हिस्सा घसरतोय आणि छोट्यांची संख्या फुगतेय, असे दिसले तर माल कुठून कुठे चाललाय ते कागदच सांगतो. अडचण एवढीच, की हा कागद उशिरा येतो. म्हणून त्याच्या जोडीला बल्क डील बघ. कंपनीच्या एकूण शेअर्सपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त एकाने एका दिवसात घेतले किंवा विकले, तर त्याचे नाव आणि भाव त्याच संध्याकाळी जाहीर होतात. कधी नाव अनोळखी असते, पण गेल्या तिमाहीच्या पत्रकाशी ताडून बघितले की कळते.

डिलिव्हरीचे टक्के, म्हणजे एकूण सौद्यांपैकी किती शेअर्स खरोखर खात्यात गेले, ते बघायला लोक सांगतात. तुझा शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात असेल तर तो आकडा बघून उपयोग नाही, तिथे प्रत्येक सौदा डिलिव्हरीचाच असतो, त्यामुळे तो १०० टक्केच दिसणार. रील्समध्ये हे १०० टक्के ‘मोठे गुंतवणूकदार उचलताहेत’ म्हणून दाखवतात, त्याला भुलू नका. तसेच एएसएम किंवा जीएसएमची (एक्सचेंजच्या जादा देखरेखीची) खूण आहे का बघा, ब्रोकरच्या ॲपमध्ये खरेदीच्या आधी ती सूचना येते. ती आली तर एक्सचेंजलाच तो भाव खटकला आहे, एवढे तरी समजायचे.

आता अफवेचे. दिराला हे माहीत नसेल, बऱ्याच जणांना नसते. अफवेवर २४ तासांत हो-नाही सांगायची सक्ती आपल्याकडे आली, जून २०२४ पासून पहिल्या १०० कंपन्यांना आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना. तीही मुख्य प्रवाहातल्या माध्यमांत बातमी आली आणि भाव लक्षणीय हलला तर. टेलिग्राम, इन्स्टाग्राम त्यात येत नाहीत. तुमची कापड कंपनी त्या २५० च्या जवळपासही नसेल. म्हणजे तिने अफवा नाकारली नाही याला काडीचाही अर्थ नाही, तिला नाकारण्याची सक्तीच नाही. मला स्वतःला वाटते, की ही सक्ती खरे तर लहान कंपन्यांना जास्त हवी, कारण अफवांचे पीक तिथेच येते.

पण एक कागद मिळू शकतो. भाव फार वेगाने चढला की एक्सचेंज कंपनीला पत्र पाठवून कारण विचारते. त्याचे उत्तर कंपनीच्या घोषणांच्या पानावर येते, ‘भावातील हालचालीबाबत स्पष्टीकरण’ अशा मथळ्याखाली. बहुतेक वेळा लिहिलेले असते, की आमच्याकडे जाहीर करायची राहिलेली कोणतीही माहिती नाही. ते पत्र सापडले तर सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखव. कंपनी स्वतः सहीशिक्क्यानिशी सांगते आहे, की भाव वाढण्याजोगे आमच्याकडे काही घडलेले नाही.

आणि ग्रुपच्या ॲडमिनला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएचने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने. तो सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळते का बघा, दुसऱ्याचा क्रमांक लावणारेही आहेत. ठरावीक परताव्याची हमी तर नोंदणी असलेल्यालाही देता येत नाही.

दिराने आधी घेतलेल्या शेअर्सचे काय, हे तू विचारले नाहीस, पण मला सांगावेसे वाटते. आज अप्पर सर्किट आहे म्हणजे आज खरेदीदार रांगेत आहेत. विकायला टाकले तर आजच विकले जातील. निदान घातलेली मूळ रक्कम तरी बाहेर काढता येईल. लोअर सर्किट लागले की हा पर्याय त्याच दिवशी संपतो. निर्णय त्याचा आहे, पैसे त्याचे आहेत.

---

मेघना_निफाड:

काकू, स्पष्टीकरणाचे पत्र सापडले. मागच्याच आठवड्याचे आहे. तुम्ही लिहिलेत जवळपास त्याच शब्दांत, ‘जाहीर करण्यासारखी कोणतीही माहिती प्रलंबित नाही.’ हिस्सा विकण्याबद्दल एक अक्षर नाही. शेअरहोल्डिंगमध्ये प्रवर्तकांचा हिस्सा तसाच आहे, पण एक टक्क्याहून जास्त असलेल्यांपैकी दोन नावे मार्चच्या पत्रकात होती ती जूनच्या पत्रकात नाहीत. छोट्या भागधारकांची संख्या दुपटीहून जास्त झाली आहे.

सासऱ्यांना पत्र वाचून दाखवले. त्यांनी ते माझ्याकडून घेऊन स्वतः पुन्हा वाचले. तीन लाखांपैकी या शेअरमध्ये काही जाणार नाही, एवढे ठरले. दिराने मूळ रकमेएवढे शेअर्स उद्यासाठी विक्रीला लावलेत, बाकीचे ठेवणार म्हणतो. त्या दोन नावांनी कधी विकले हे बल्क डीलच्या यादीत शोधते आहे. जुनी यादी तारखेनुसार कशी काढायची, ते कोणी सांगेल का?

---

कोथरूड_डेटा:

बीएसई आणि एनएसई दोन्हीकडे बल्क डीलच्या पानावर ‘पासून-पर्यंत’ तारखा टाकायची सोय आहे. कंपनीचे नाव निवडा, एप्रिल ते जून टाका आणि फाइल उतरवून घ्या. दोन्हीकडे बघा, एकाच एक्सचेंजवर विकलेले असू शकते. आणि त्या नावांनी दररोज अर्ध्या टक्क्याच्या आत विकले असेल तर यादीत काहीच दिसणार नाही, तेव्हा रिकामी फाइल आली तरी विकले नाही असे समजू नका.